टेस्टरचे दिवे ओळीने लागतात, तरी नेटवर्क अडखळते

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला कॅट-६ ही नेटवर्कची केबल क्रिंप केली, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवले. दोन्ही टोकांना रंग एकाच क्रमाने लावले : नारिंगी जोडी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर १ ते ८ दिवे बरोबर लागले. दोन मीटरची केबल चालते, पण तीस मीटरच्या केबलवर मोठी फाइल पाठवली की अडकते. असे का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमचा टेस्टर एकच गोष्ट पाहतो : या टोकाची तिसरी पिन त्या टोकाच्या तिसऱ्या पिनला पोहोचते का. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. इथर्नेटमध्ये, म्हणजे अशा केबलच्या नेटवर्कमध्ये, ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी होते. तुमच्या क्रमात ३ वर पांढरी-हिरवी आली आणि ६ वर निळी, म्हणजे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा गोंगाट कापण्यासाठी; तोच हातचा गेला. लांबी वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो आणि गोंगाट त्याला झाकतो, म्हणून छोटी केबल तगते.

योग्य क्रम (५६८-बी हे रंगक्रमाचे मानक) : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंना का फाकवली, असा प्रश्न पडायलाच हवा. मधल्या ४-५ या पिना टेलिफोनच्या लाइनसाठी होत्या, त्या तशाच ठेवून पुढची जोडी तिच्या बाहेरून घेतली. हे कळले की क्रम घोकावा लागत नाही.

दोन्ही टोके कापून टाका. आवरण ३ सेंटिमीटर सोला, तारा सरळ करून क्रमाने धरा, १२-१३ मिलिमीटर ठेवून एका रेषेत कापा. कनेक्टरच्या समोरच्या टोकाशी आठही तारांचे तांबे दिसेपर्यंत आत रेटा. बाहेरचे आवरणही आत गेलेच पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. मगच क्रिंपर दाबा.

प्रश्न : १९२.१६८.१०.०/२४ मधून १०, २५ आणि ५० संगणकांच्या तीन लॅब काढायच्या आहेत. पहिलीला ०/२८ (म्हणजे १९२.१६८.१०.०/२८) दिले, दुसरीला १६/२७. पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरमधला राउटर 'ओव्हरलॅप्स' (पत्ते एकमेकांवर येतात) म्हणून पत्ता नाकारतो.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : तिरप्या रेघेनंतरचा आकडा गट केवढा ते सांगतो : /२७ चा गट ३२ पत्त्यांचा, आणि तो ३२ च्या पटीतच सुरू होतो. १६ हा पत्ता ० ते ३१ याच गटात पडतो, आणि त्यातले ० ते १५ तुम्ही आधीच दिलेले आहेत. वाटप मोठ्या लॅबपासून करा. प्रत्येक गटातला पहिला आणि शेवटचा पत्ता संगणकाला देता येत नाही. ५० साठी ०/२६ (वापरायला १ ते ६२), २५ साठी ६४/२७ (६५ ते ९४), १० साठी ९६/२८ (९७ ते ११०). प्रत्येक लॅबमध्ये राउटरचाही एक पत्ता धरा. १४ संगणकांची लॅब /२८ मध्ये बसेल असे वाटते, पण गेटवेला, म्हणजे राउटरच्या त्या पत्त्याला, जागाच उरत नाही.