वादळात वर होते ते ‘अपसरण’ की ‘प्रसरण’?

प्रश्न असा आहे : वादळाची निर्मिती सांगताना ‘खालच्या थरात हवेचे अभिसरण, वरच्या थरात अपसरण’ असे लिहितात. अभिसरण म्हणजे तर फिरणे, जसे रक्ताभिसरण. मग इथे अर्थ कोणता? आणि वर सरळ ‘प्रसरण’ का म्हणू नये?

‘प्रसरण’ नको. तिन्ही शब्द ‘सृ’ (जाणे, सरणे) या एकाच धातूचे, पण प्रसरणात आकारमान वाढते. वर चढणारी हवा कमी दाबात शिरते, प्रसरण पावते, म्हणून थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. हे चढतानाच घडते. अपसरण त्यानंतरचे. तपांबराच्या, म्हणजे जमिनीलगतच्या सर्वांत खालच्या वातावरणीय थराच्या, माथ्याशी, उष्ण कटिबंधात साधारण 12 ते 15 किलोमीटरांवर, हवेचे चढणे थांबते आणि ती केंद्रापासून बाजूंना निघून जाते. ‘अप’ म्हणजे दूर. वादळाचा सगळा जोर या निघून जाण्यावर अवलंबून! खाली जितकी हवा आत शिरते तिच्याहून जास्त वरून बाहेर पडली, तरच मधल्या स्तंभातली हवा घटते आणि पृष्ठभागावरचा दाब उतरत जातो. वरची वाट तुंबली, की खालचा दाब पुन्हा वाढू लागतो आणि वादळ विरते. उत्तर गोलार्धातल्या चक्रीवादळात तर तळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरत आत येतात आणि माथ्यावरचे, केंद्रापासून दूर जाता जाता, घड्याळाच्या दिशेने वळतात. इतक्या नेमक्या क्रियेला स्वतःचा शब्द हवाच.

‘अभिसरणा’बद्दलची शंका मात्र रास्त आहे. ‘अभि’ म्हणजे कडे. प्रियकराकडे निघालेली ती अभिसारिका, किरणांना एकत्र आणते ते अभिसारी भिंग. त्या अर्थाने खालच्या वाऱ्यांचे केंद्राकडे येणे हे अभिसरणच. अडचण वेगळीच आहे. शाळेत आपण उष्णतेचे ‘वहन, अभिसरण, प्रारण’ शिकतो, आणि त्या हिशेबाने मधल्या हवेचे तापून वर चढणेही अभिसरण ठरते! एकाच परिच्छेदात दोन्ही आले की वाचक हमखास गोंधळतो. म्हणून चढत्या हवेला मी ‘आरोह’ म्हणतो. ‘आरोह पाऊस’ भूगोलात रुळलेलाच आहे.

परिभाषा टाळायची असेल तर ‘हवा खाली एकवटते, वर चढते आणि तिथे पांगते’ असे खुशाल लिहावे. ‘पांगणे’ मला फार आवडते. गर्दी पांगते तेव्हा माणसे फुगत नाहीत, एकमेकांपासून दूर जातात. अपसरणातही तेच घडते.