पहिल्यांदा थेरपीला जाताना

पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून जाऊ नकोस. ती भेट बरीचशी विचारपूस करण्यातच जाते: झोप कशी आहे, घरी कोण कोण, त्रास कधीपासून. एक सेशन साधारण 45 ते 50 मिनिटांचं. बोललेलं गुप्त राहतं; पण कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर थेरपिस्टला ते इतरांना कळवावं लागू शकतं. त्याची मर्यादा पहिल्याच दिवशी विचारून घे.

तयार उत्तर मिळेल ही अपेक्षा मात्र सोड. तिसऱ्या सेशनला मी 'मग मी करू तरी काय?' असं जवळजवळ ओरडलेच होते. बाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, 'हे विचारताना तुमच्या मुठी आवळल्यात.' खरंच आवळल्या होत्या. उरलेला वेळ त्या मुठींवरच गेला, आणि वडिलांशी कधीच न बोललेलं कितीतरी बाहेर आलं. त्या रात्री अंगातलं त्राण गेल्यासारखं झालं. असं होतं, घाबरू नकोस. फक्त त्या दिवशी पुढे मोठं काम ठेवू नकोस.

अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1960च्या दशकात विकसित केलेल्या सीबीटीमध्ये (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) गृहपाठही असतो, मनात आलेला विचार लिहून तो तपासायचा. तो टाळू नकोस. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. औषधं लागलीच तर मानसोपचारतज्ज्ञ देतात, थेरपी सोबत चालू ठेवता येते.

आणि चार-पाच भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल, तर तसं त्यांनाच स्पष्ट सांग. चांगला थेरपिस्ट त्याने दुखावला जात नाही, गरज पडली तर दुसऱ्याचं नाव सुचवतो.