ख्रिस्ती माणसाने पैसा निवडावा की श्रद्धा? देवाला पहिलं स्थान दिलं की पैसा आपोआप येतो हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, मला समजला तो असा. पुण्यात बरी नोकरी आहे, दुबईहून तिप्पट पगाराची ऑफर आलीय, घरचे म्हणतात जा, आणि तुमचे पाळक म्हणतात जगिक संपत्तीच्या मागे लागू नको, इथली तरुण संघाची सेवा सोडू नको.

दुबईचं आधी उरकतो. जावंसं वाटत असेल तर जा की. दुबई म्हणजे काय बायबलमधलं पापी सदोम शहर नाही. तिथल्या सेंट मेरीज चर्चमध्ये मिस्साला जी गर्दी असते ती बघून आपल्याकडच्या फादरांना हेवा वाटेल. पूर्वी तिकडे शुक्रवारी सुट्टी म्हणून लोक शुक्रवारी मिस्साला जायचे, २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झालीय, म्हणजे तीही अडचण राहिली नाही. आमच्या आळीतली कितीतरी पोरं गल्फला जाऊन आली, आली तशीच आली, काही थोडी जाड होऊन आली एवढंच. आणि पाळकांना एकदा हळूच विचारा की तिकडच्या पगारातला दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, चर्चला पाठवला तर चालेल ना. उत्तर काय येतं ते मलापण सांगा.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. देवाला पहिलं स्थान दिलं की पैसा आपोआप मागे येतो असं मीटिंगमध्ये सांगतात, ते खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. साफ खोटं आहे, आणि हे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. का ते सांगतो, जरा लांबेल.

आम्ही वसईचे. कॅथॉलिक, इथल्या कुपारी समाजातले, पश्चिम पट्ट्यातली वाडी. गावाचं नाव लिहीत नाही, वसईवाले ओळखतीलच. नव्वदीच्या आसपास आमच्याकडे काय झालं ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबईला जागा पुरेना, लोकल होतीच, मग बिल्डर आले. आधी पूर्वेला, मग माणिकपूर, मग सगळीकडे. विहिरींवर टँकर लागायला लागले, दिवसरात्र पाणी उपसून नव्या बिल्डिंगींना विकायचे, आणि समुद्र इतका जवळ, त्यामुळे गोड्या विहिरी मचूळ होत गेल्या. केळीला मचूळ पाणी दिलं की पानाची कड आधी करपते, मग घड भरतच नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा हरित वसईचं आंदोलन घेऊन उभे राहिले. हेच पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत गेले. तेव्हा त्यांना धमक्यापण आल्या. आमचे बाबा मोर्चाला जायचे. मोठे काकापण जायचे, हे मुद्दाम सांगतो, घोषणा तर काकाच मोठ्याने द्यायचे.

वाडी दोघांची मिळून होती, सातबाऱ्यावर दोघांची नावं. केळी, नारळ, कडेने मोगरा, आणि मध्ये एक बावखल. बावखल म्हणजे खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत जिरतं आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहतात. आमच्या पट्ट्याची शेती त्याच्यावरच टिकली.

मोर्चे थांबले आणि थोड्या वर्षांनी एका संध्याकाळी काका एका एजंटला घेऊन ओट्यावर आले. एजंट सभ्य होता, आईने सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, दिली ती बशी मांडीवर घेऊन बसला होता. भाव वाईट नव्हता, तो त्या वेळी चांगलाच होता. बाबा म्हणाले विकायची नाही. काका म्हणाले पोरांची शिक्षणं, आजारपणं, किती दिवस केळीवर काढणार, आणि मग त्यांना वाटलं आता बाबांना बाबांच्याच भाषेत पटवावं, म्हणून म्हणाले, "बर्णबानेपण जमीन विकली होती. प्रेषितांची कृत्यं वाच."

बाबा काही न बोलता आत गेले, चष्मा आणि बायबल घेऊन आले, आणि ओट्यावर उभं राहून चौथ्या अध्यायाचा शेवट मोठ्याने वाचला. बर्णबाची शेतजमीन होती, ती त्याने विकली, आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले. मग चष्म्यावरून काकांकडे बघितलं. "तू कोणाच्या पायाशी ठेवणार आहेस?"

काका गप्प. बाबांना तिथे थांबायला हरकत नव्हती पण ते थांबले नाहीत, पान उलटून पाचवा अध्यायपण वाचायला लागले. हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून त्यातले काही पैसे लपवले आणि दोघंही मेले तो. एजंटला काही कळेना, तो बिचारा सुकेळी चघळत होता. काका मधेच उठून गेले, चपलापण नीट न घालता.

त्यानंतर दोघं भाऊ बोलले ते फक्त मोजणीच्या दिवशी. वाटणी झाली, हिस्से पडले, काकांनी त्यांचा विकला. चार मजली बिल्डिंग उभी राहिली आणि बावखलाचा जो अर्धा भाग त्यांच्या बाजूला होता त्यावर मातीभराव पडला. उरलेल्या अर्ध्यात बिल्डिंगचं सांडपाणी यायला लागलं. आमची विहीर दोन-तीन उन्हाळ्यांत बिघडली.

म्हणजे हिशोब बघा. विकणाऱ्याला पैसे मिळाले. न विकणाऱ्याला मचूळ पाणी, कमी केळी, डास. देवाला पहिलं स्थान देणाऱ्याच्या मागे पैसा आला का? आला नाही. आमच्याकडे आली उधारी. माझ्या कॉलेजच्या फीसाठी कर्ज काढलं, बहिणीचं लग्न साधं झालं, आणि काकांच्या मुलाचं लग्न हॉल घेऊन, बँड लावून. आम्ही गेलो, जेवलो, आलो.

बाबांना नाबोथाची गोष्ट फार आवडायची. जुना करार, राजे, पहिलं पुस्तक, एकविसावा अध्याय. लोक ती राजाच्या जुलमाची म्हणून सांगतात पण एक गोष्ट सोडून देतात, की अहाबाची ऑफर रास्त होती. तुझा द्राक्षमळा माझ्या वाड्याला लागून आहे, मला तिथे भाजीचा मळा करायचाय, याच्यापेक्षा चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. आजचा कोणताही एजंट याहून नीट बोलत नाही. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, नाही द्यायचं. मग अहाबाच्या राणीने, ईजबेलीने, खोटे साक्षीदार उभे केले आणि त्याला दगडमार करून मारलं. नंतर एलीया संदेष्टा येऊन अहाबाला शाप देतो वगैरे सगळं होतं, पण नाबोथ मेलेलाच राहतो. त्याला ना मळा मिळाला ना शंभरपट मोबदला.

आणि शंभरपटवरून आठवलं. समृद्धीवर प्रवचन देणारे मार्कचा दहावा अध्याय फार वापरतात, येशूसाठी घरदार, शेतीवाडी सोडेल त्याला शंभरपट मिळेल. त्याच वाक्यात येशूने "छळासकट" असं म्हटलंय. ते एवढं मात्र कोणी स्टेजवरून वाचत नाही. उघडून बघा, तिसावं वचन. आणि त्याच्या जरा आधी तो श्रीमंत तरुण आहे, ज्याला येशू म्हणाला सगळं विकून गरिबांना दे, तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे धावला नाही, थांब, नंतर दुप्पट मिळेल असंही म्हणाला नाही. स्कीम असती तर तिथेच सांगितली असती ना.

माझं म्हणणं एवढंच की ज्याचा तोटा होत नाही ती निवड नव्हेच, आणि तोटा झाला तर तो तोटाच राहतो. आध्यात्मिक मूल्यं निवडली म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारा, काय गेलं तुझं? काही गेलं नसेल तर त्याने काही निवडलेलं नाही, त्याचं आपोआप जमलं.

आता जमिनीचा भाव सांगू नका कृपया. हे मला दर सणाला कोणीतरी सांगतंच, की आज तुमच्या वाडीची किंमत बघ, बाबा किती हुशार निघाले, थांबले म्हणून फायद्यात राहिले. कौतुकाने बोलतात म्हणून मी हसतो पण आतून संताप होतो. अरे, ते थांबले नव्हते! भाव वाढायची वाट बघत नव्हते. त्यांना गुंतवणूकदार करून टाकलं की काका आणि बाबा यांच्यात फरक काय उरला, एकाने लवकर विकली, दुसरा उशिरा विकेल. जी विकायचीच नाही तिची किंमत सातबाऱ्यावर लिहिलेली नसते आणि तिच्यावर संध्याकाळची भाजीपण येत नाही. मी आजही अंधेरीला लोकलने लटकत नोकरीला जातो.

माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, बहुतेक हे वाचेल. उपवासकाळ सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर राखेच्या बुधवारपासून त्याचे मेसेज, स्वर्गात धन साठवा, कसर आणि जंग लागणार नाही तिथे, आणि वर हात जोडलेले. आणि वाद झाला की हाच म्हणतो, तुझ्या बाबांचा हट्ट नसता तर तुम्ही आज कुठे असता. बाबा रे, आम्ही इथेच असतो, फक्त विहीर नसती. तुझ्या वडिलांनी चर्चला दिलेल्या देणगीबद्दल मी कधी बोललो नाही, आज बोलतो. दिली ते चांगलंच केलं. पण संगमरवरावर नाव कोरून भिंतीत बसवलं, आणि त्याच वर्षी माझी आई सेंट विन्सेंट डी पॉलच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या, डब्यात रुमालात बांधलेली चिल्लर टाकत होती, तिचं नाव कुठे आहे? विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण दोघं एकाच बाकावर बसून शिकलोय.

आईचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं बाबांचंच चरित्र होईल. मोगऱ्याच्या कळ्या ऊन चढायच्या आत खुडाव्या लागतात, हारवाल्यांना कळीच लागते, उमललेलं फूल दादरला कोणी विचारत नाही. आई अंधारात दातांत टॉर्च धरून खुडायची, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. मग टोपलीत केळीचं पान, कळ्या, वरून ओलं फडकं, आणि पहाटेची गाडी. बायकांच्या डब्यात टोपली दारात ठेवली म्हणून रोज कोणीतरी ओरडायचं. बाबा गेल्यावर मी तिला विचारलं होतं की विकायला हवी होती का गं. म्हणाली, "तुझ्या बाबाला नाबोथ सुचायचा, गाडी मला पकडायला लागायची." आणि मग म्हणाली, पण विकली असती तर मीच भांडले असते. दोन्ही वाक्यं तिचीच, दोन्ही खरी. तेव्हा घरात कोणी मोठ्या श्रद्धेने एखादा निर्णय घेत असेल तर त्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर जातंय तेपण बघावं. तुमच्या पाळकांनाही हे सांगा, दुबईला न जाण्याचा त्याग तुमचा असेल पण कर्जाचे हप्ते कदाचित तुमच्या वडिलांच्या डोक्यावर असतील.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहितो. विकणारे सगळे लोभी नव्हते. आमच्या शेजारच्यांनी डायलिसिससाठी विकली, कोणाच्या वाट्याला पाच भावांत मिळून चार-पाच गुंठे आले, त्यावर काय पिकवणार. त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. आणि पैसा वाईट असंही बायबल म्हणत नाही, पौलाने तीमथ्याला लिहिलं ते पैशाच्या लोभाबद्दल, लोक लोभ गाळतात आणि उरलेलं वाक्य भिंतीवर लावतात. आमच्या वसईत तर बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ साली सुरू केली ती एका धर्मगुरूनेच, मोन्सिग्नोर पी. जे. मोनिस यांनी, गरीब शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. माझ्या फीचं कर्जपण सहकारी बँकेतूनच मिळालं. श्रीमंत जक्कयाला तरी येशूने सगळं टाकायला कुठे सांगितलं, त्याने आपणहून अर्धं गरिबांना दिलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. चौपट परत करणं हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्यावर प्रवचन मी तरी फारसं ऐकलं नाही.

तर तुमचं काय. मला विचाराल तर दुबई की पुणे हा मुळात श्रद्धेचा प्रश्नच नाही, पगाराचा आणि आईवडिलांच्या वयाचा आहे. तिथे गेल्यावर जर कोणी म्हणालं की मजुरांच्या ओव्हरटाइमचे आकडे जरा कमी करून दाखव, किंवा या कागदावर न वाचता सही कर, तेव्हा तो श्रद्धेचा होईल, आणि तो पुण्यातही होऊ शकतो. त्या वेळी नाही म्हणायची ताकद राहावी म्हणून अंगावर फार कर्ज करून ठेवू नका, गाडी-फ्लॅट एकदम घेऊ नका. कर्जात बुडालेल्या माणसाला नाबोथ परवडत नाही.

आणि जाणार असाल, आणि गावाकडे सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, तर कोणालाही, अगदी सख्ख्या भावालाही जमिनीचं कुलमुखत्यारपत्र करून देऊन जाऊ नका. तो कागद जाण्याच्या आदल्या आठवड्यातच नेमका पुढे येतो, तुम्ही बॅग भरण्याच्या गडबडीत सही करता, आणि सुट्टीवर येईपर्यंत तिथे पाया भरून झालेला असतो.