ट्रिप्सिनचे सगळे तुकडे वाचून झाले, तर कायमोट्रिप्सिन कशाला लागतं?

तुम्ही विचारलंय की ट्रिप्सिनने (प्रोटीनला लायसिन किंवा आर्जिनिनपुढे तोडणारं एन्झाइम) पाडलेल्या प्रत्येक तुकड्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम कळलाय, मग दुसऱ्या एन्झाइमवर पैसे का घालवायचे, आणि मास स्पेक (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) असताना हा खटाटोप हवाच कशाला. वाचून राहवलं नाही. हेच मी महापेच्या एका लॅबमध्ये साहेबांच्या तोंडून ऐकलंय.

तुकडे कळले म्हणजे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची अख्खी साखळी, कळलं असं होत नाही. समजा ट्रिप्सिनने तीन तुकडे दिले (नावं अमिनो आम्लांची, छोटी करून: लायस म्हणजे लायसिन, आर्ज म्हणजे आर्जिनिन, सेर म्हणजे सेरिन): सेर-टायर-आर्ज, ग्लाय-फे-लायस, अ‍ॅला-व्हॅल. तिसऱ्यात लायसिन नाही, आर्जिनिनही नाही, म्हणजे तो शेपटाचा. उरलेल्या दोघांत आधी कोण? ट्रिप्सिनकडून ते जन्मात कळणार नाही. त्याच पेप्टाइडला कायमोट्रिप्सिन लावा, ते फे आणि टायरपुढे तोडतं. ग्लाय-फे, लायस-सेर-टायर, आर्ज-अ‍ॅला-व्हॅल मिळतील. मधल्यात लायसिनला सेरिन चिकटलेलं दिसतं. सांधा सापडला. सँगर यांनी इन्शुलिनची ५१ अमिनो आम्लं आम्लाने आणि वेगवेगळ्या एन्झाइमांनी तोडून, असे तुकड्यांवर तुकडे बसवूनच लावली. १९५८चं नोबेल त्यालाच मिळालं.

आमच्याकडे पाच तुकडे होते. एडमन पद्धतीने, म्हणजे टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवत, पाचही वाचले. पहिला आणि शेवटचा पक्का होता, मधले तीन साहेबांनी डेटाबेसमधल्या जवळच्या प्रोटीनकडे बघून लावले. मी कायमोट्रिप्सिनचं म्हटलं तर उत्तर आलं, "वजन जुळतंय ना? मग झालं. हवं तर सवडीने कर."

शनिवारी केलं. ठाण्याहून लोकल, कोपरखैरण्याहून रिक्षा, लॅबमध्ये मी एकटी. चार तासांनी आम्ल घालून एन्झाइमचं तोडणं थांबवलं आणि एचपीएलसीवर, म्हणजे तुकडे वेगवेगळे करणाऱ्या यंत्रावर, चढवलं. आपोआप ट्यूब बदलणारा फ्रॅक्शन कलेक्टर बंद होता, म्हणून पडद्यावर पीक (तुकडा बाहेर येत असल्याची उंचवट्याची खूण) वर जायला लागला की नळीखाली ट्यूब धरायची, उतरला की बदलायची. अकरा ट्यूब झाल्या. पुढच्या आठवड्यात सातवी वाचली, तर तिच्यात चौथ्या तुकड्याची शेपटी आणि तिसऱ्याचं डोकं सलग होतं. म्हणजे ते दोन उलटे लावले होते.

तोवर रिपोर्ट गेला होता. साहेब म्हणाले, "दोन तुकडे इकडचे तिकडे, काय बिघडतं?" सगळंच बिघडतं! अमिनो आम्लं तीच, वजन तेच, पण रेणू दुसरा. अख्ख्या पेप्टाइडचं नुसतं वजन ही चूक कधीच पकडू शकत नाही.

आता टँडम मास स्पेकमध्ये तुकडा आणखी फोडून आतून वाचता येतो, हे खरं. जीनोम माहीत असेल तर ओळख पटवायला एकटं ट्रिप्सिन बहुतेकदा पुरतं, हेही मान्य. पण क्रम नव्याने लावायचा असेल तर सांधे जुळवावेच लागतात. शिवाय ल्युसिन-आयसोल्युसिनचं वजन एकच, म्हणजे नुसत्या वजनावरून ती वेगळी ओळखता येत नाहीत. आणि हो, कायमोट्रिप्सिन रात्रभर ठेवू नका, ते ल्युसिनपुढेही तोडायला लागतं. साखळीला आडवे जोडणारे गंधकाचे डायसल्फाइड बंध आधी सोडवा.

तुमचे गाइड नाही म्हणाले तरी सॅम्पलचा थोडा भाग दुसऱ्या एन्झाइमसाठी राखून ठेवा. रिपोर्टमध्ये जो सांधा सिद्ध झाला नाही तिथे डॅश टाकू नका. ज्यांचा क्रम ठरलेला नाही ते भाग कंसात, स्वल्पविराम देऊन लिहायची रीत आहे. मी तो रिपोर्ट कंसासकट लिहून दिला होता. सही व्हायच्या आधी कंस काढले गेले.