जुन्या लॅपटॉपवर गाणी बनवायला शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? सोलापुरात क्लास शोधू का?

रीपर घ्या, आणि क्लासचं दोन महिने तरी मनात आणू नका. 4 जीबी रॅमच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवरही ते सहज चालतं. मीही तसल्याच मशीनवर शिकलो. 60 दिवस सगळं फुकट वापरता येतं, नंतर घरगुती लायसन 60 डॉलरला. एफएल स्टुडिओची ट्रायलही चांगली आहे, पण त्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय नीट पुन्हा उघडत नाही. रात्रभर केलेलं काम सकाळी हाती लागलं नाही की नवशिक्याचा हुरूप तिथंच संपतो.

सुरुवात अशी करा:
- नवीन प्रोजेक्ट 120 टेम्पो (वेग, मिनिटाला 120 ठोके) आणि 4/4 (चार-चार ठोक्यांचे गट) वर उघडतो. केरवा ताल (8 मात्रा) त्यात बसतो. दादरा असेल तर आधी 3/4 करा, नाहीतर ग्रिड (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषा) आणि ताल यांचं जमणारच नाही.
- हलगी मोबाईलवर रेकॉर्ड करा, चांगला तुकडा कापून लूप करा.
- हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर असिओफोरऑल (ASIO4ALL, आवाजाचा ड्रायव्हर) टाकून बफर 128 वर आणा; बफर लहान तितका आवाज लवकर येतो, पण लॅपटॉपवर ताण वाढतो. गाणं जड होऊन अडखळायला लागलं की परत 512.

एक मात्र आहे: रीपरसोबत वाद्यांचे आवाज जवळजवळ नसतातच. सिंथसाठी (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) सर्ज एक्सटी फुकट मिळतं. आणि घराशेजारी यंत्रमाग असेल तर रेकॉर्डिंग वीज गेल्यावरच, लॅपटॉपच्या बॅटरीवर. थट्टा नाही, खटखट नंतर नीट काढता येत नाही.