आई जाऊन 9 दिवस झाले, शाळेची शेवटची परीक्षा 16 दिवसांवर आली आहे. अभ्यास कसा करू?

तू एक प्रश्न विचारला आहेस, पण त्यात खरे दोन आहेत. पहिला, पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही, काय करू. दुसरा तू जाता जाता लिहिला आहेस: काल तासभर अभ्यास झाला आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

मी शाळेत असताना, ऐन परीक्षेत माझे बाबा गेले. रात्री छातीत दुखायला लागलं आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. 3 पेपर झाले होते, 4 उरले होते, मधे काही दिवसांची सुट्टी होती. घर माणसांनी भरलेलं. चौथ्या रात्री मी भूमितीचं पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसलो. एक प्रमेय काही केल्या सुटेना, मग सुटलं, आणि मला चक्क बरं वाटलं. पाऊण तास तरी बाबा गेलेत हे माझ्या मनातच नव्हतं. मग आठवलं. चोरी करताना कुणी मनगट धरावं तसं झालं. पुढचे दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. अभ्यास होत नव्हता म्हणून नाही, होत होता म्हणून.

तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतो. दुःखाचे पाच टप्पे असतात हे तू कुठेतरी वाचलं असशीलच. ते 1969 साली एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी मांडले, पण मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांचं वेळापत्रक म्हणून ते नंतर रूढ झाले. मला त्याहून पटलेली मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची, 1999 ची. त्यांच्या मते माणूस दुःखात हेलकावे खातो. कधी गेलेल्या माणसाकडे ओढला जातो, कधी रोजच्या कामांकडे, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणं. म्हणजे तुझा तो तासभराचा अभ्यास आणि त्यानंतरचं रडणं ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत. त्या तासात तू आईला विसरलीस किंवा विसरलास असं अजिबात नाही.

लगेच एक तक्रारही करून घेतो. भेटायला आलेल्यांपैकी निम्मी माणसं मला म्हणाली, "आता बाबांसाठी चांगले मार्क काढ." चांगल्या मनाने म्हणाली. पण त्यामुळे प्रत्येक चुकलेलं गणित बाबांचा अपमान वाटायला लागलं. तुलाही कुणी असं म्हणालं असेल तर ऐकून सोडून दे. परीक्षा तुझी आहे. आईचं तुझ्यावरचं प्रेम गुणपत्रिकेतून सिद्ध व्हायचं राहिलेलं नाही.

आता डोक्यात न शिरण्याबद्दल. या दिवसांत नुसतं वाचन सगळ्यात आधी दगा देतं. डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटतं, हाती काही लागत नाही. म्हणून थोडंसं वाच, पुस्तक मीट आणि आठवेल ते कागदावर लिही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा एक प्रयोग आहे. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पुन्हा तपासलं तेव्हा, वाचून मग न बघता लिहिणारे पुढे होते. माझ्यासाठी मात्र खरा फायदा वेगळा होता: हात चालू असला की मन फार लांब जात नाही. 20-25 मिनिटं कर आणि ऊठ. एवढंही जमलं नाही तर तो हेलकावा दुसऱ्या बाजूचा आहे असं समज आणि रडून घे. सगळा अभ्यासक्रम आता होणार नाही. जे आधीपासून येतं ते पक्कं कर, एखादा अवघड धडा सरळ सोडून दे. रात्री जागू नकोस. झोप आधीच मोडलेली असते, आणि दिवसभराचं वाचलेलं मनात मुरतं ते झोपेतच.

घरी बसवत नसेल तर मैत्रिणीकडे, मित्राकडे जा आणि आधीच सांग, "समजूत घालू नकोस, शेजारी बसून तुझा तू अभ्यास कर." मला असा एक मित्र मिळाला होता. आठ दिवसांत तो माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल.

एक काम मात्र आजच व्हायला हवं, आणि ते तू करायचं नाहीस. बाबा, मावशी, काका, जे कुणी सावरलेलं असेल त्यांना शाळेत पाठव. परीक्षा पुढे ढकलता येते का, फेरपरीक्षा असते का, घरातल्या मृत्यूची काही सवलत आहे का आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे त्यांनी विचारावं. अर्ज लेखीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. न कळवता गैरहजर राहिलं तर पुढे बाजू मांडणं जड जातं. परीक्षा द्यायची की नाही हे आज ठरवू नकोस, दार कुठवर उघडं आहे तेवढं कळू दे. पुढे ढकललीस तर ती पळवाट नाही, आणि दिलीस तर तू दगड आहेस असंही नाही. त्याच फेरीत एका शिक्षकांना सांगून ठेवलं की ते बाकीच्यांना सांगतील. नाहीतर वर्गातले सगळे एकेक करून विचारतात आणि दरवेळी तुलाच पहिल्यापासून सांगावं लागतं.

जेवण जात नाही, झोप अजिबात लागत नाही, किंवा आईपाठोपाठ आपणही जावं असं मनात येतं, यातलं काहीही असलं तर परीक्षा बाजूला ठेव. त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला सांग आणि डॉक्टरांकडे जा.

पेपरच्या दिवशी रुमाल जवळ ठेव. रडू आलं तर येऊ दे. पर्यवेक्षकांना सांगून पाणी पिऊन ये. तीन तासांतली पाच मिनिटं गेली तर फारसं बिघडत नाही. आणि भाषेचा पेपर हाती आला की आधी निबंध आणि पत्रलेखन नुसतं वाचून घे. आईवर काही असेल तर ते अचानक समोर येऊ नये. पर्याय असेल तर दुसरा विषय घे, नसेल तर तो प्रश्न शेवटी ठेव.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या मराठीच्या पेपरात सहलीला जाण्यासाठी वडिलांची परवानगी मागणारं पत्र आलं होतं आणि पर्याय नव्हता. बाकीचा पेपर संपवला आणि शेवटची वीस मिनिटं त्यासाठी ठेवली. "तीर्थरूप बाबांस" लिहिलं आणि बराच वेळ पुढे काही सुचेना. मग सहल कुठे जाणार, बरोबर कोणते सर आहेत, परत किती वाजता येणार, सगळं लिहिलं. खर्च किती येईल हे प्रश्नात नव्हतं, तरी तेही लिहिलं. बाबा आधी तेच विचारायचे.