'हा त्याच्या डावीकडे' अशी अट असेल तर रांगा मोजताना नेमकं कशानं भागायचं?

प्रश्न असा आहे: सात जणांच्या फोटोत आजी आईच्या डावीकडे आणि आई मुलीच्या डावीकडे हवी, शेजारीच हवी असं नाही. उत्तर ८४० कसं? आणि परीक्षेत हे झटपट कसं करायचं?

७! म्हणजे ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ५०४०, भागिले ३! (म्हणजे ६), झाले ८४०. तेवढंच हवं असेल तर इथंच थांबा. पण 'तिघांचा क्रम ठरला की ३! नं भागा' एवढंच घोकून आलेली मुलं पुढच्याच गणितात आपटतात, म्हणून लिहितोय.

भागाकार चालतो त्याला एकच कारण आहे. कुठलीही रांग घ्या. तिघींच्या तीन जागा तशाच ठेवून त्यांना आपसांत फिरवलं की सहा रांगा होतात आणि त्यांतली एकच चालते. फोटोतले काका-मामा शेजारी नकोत ही अट वाढली तरी बिघडत नाही, कारण तिघी फिरल्या तरी काका-मामा जागचे हलत नाहीत. ते शेजारी असलेल्या रांगा २ × ६! = १४४०; उरल्या ३६००, त्यांना ६ नं भागलं की ६००.

आता फक्त आजी आईच्या डावीकडे हवी, पण आजी डाव्या टोकाला नको. लोक सवयीनं आजीला ६ जागा, बाकीच्यांचे ६! म्हणजे ७२० क्रम, असे ६ × ७२० = ४३२० काढतात आणि निम्मे करून २१६० लिहितात. चूक. आई डाव्या टोकाला असलेली रांग या ४३२० मध्ये आहे; तिच्यात दोघींची अदलाबदल केली की आजी टोकाला जाते, आणि ती रांग तुम्ही आधीच बाद केलीय. जोड्याच जुळत नाहीत, तर निम्मे कशाचे? खरं उत्तर: ५०४० चे निम्मे २५२०, त्यांतून आजी टोकाला असलेल्या ७२० वजा, म्हणजे २५२० − ७२० = १८००. गंमत म्हणजे 'दोन्ही टोकांना नको' म्हटलं तर ५ × ७२० = ३६००, निम्मे १८००, आणि हे बरोबर येतं! तिथं जोड्या अदलाबदलीनं लागत नाहीत, अख्खी रांग आरशात पाहावी तशी उलटी केली की लागतात. चुकीच्या कारणानं उत्तर जुळलं की ती रीत कायमची डोक्यात बसते.

दुसरा खड्डा: आजी आईच्याही डावीकडे आणि आत्याच्याही. 'दोन अटी, प्रत्येकीला निम्मे, म्हणून पाव, १२६०.' छे! तिघींत आजी पहिली, म्हणून एक तृतीयांश, १६८०. आजी आईच्या डावीकडे आहे एवढं कळलं तरी ती आत्याच्या डावीकडे असण्याची शक्यता वाढते. अटी एकमेकींपासून सुट्या नाहीत. अटींचं झाड होत असेल, म्हणजे प्रत्येकाच्या लगेच वर फार तर एकच माणूस (जो डावीकडे हवा तो वर, उजवीकडचा खाली), तर प्रत्येकाखालची माणसं त्याला धरून मोजा आणि सगळ्या आकड्यांच्या गुणाकारानं भागा. आजीखाली आई आणि आत्या, आईखाली मुलगी: ४ × २ × १ × १ = ८, म्हणून ६३०. मुलगी आत्याच्याही उजवीकडे हवी म्हटलं की झाड मोडतं आणि ८ चा उपयोग संपतो. चौघींच्या २४ क्रमांतले २ चालतात, म्हणून ४२०.

म्हणूनच मी म्हणतो, भागूच नका, जागा निवडा. सातांतून तीन जागा ३५ प्रकारे, तिघी तिथं एकाच क्रमानं, बाकी चौघं २४ प्रकारे: ३५ × २४ = ८४०. ही रीत लांबलचक आहे म्हणणाऱ्यांशी माझं जुनंच वाकडं आहे. एक ओळ जास्त लागते, पण टोकाची अट आली की ती कुठं बसवायची हे समोर दिसतं. भागाकारात ती दिसतच नाही.

अटी कशाही गुंतल्या तर सरसकट सूत्र शोधत बसू नका. ब्राइटवेल आणि विंकलर या गणितज्ञांनी १९९१ मध्येच दाखवलंय की असे क्रम मोजणं मुळातच अवघड जातीचं काम आहे. वीसेक माणसांपर्यंत संगणकावर 'आतापर्यंत कोण कोण उभं राहिलं' एवढंच लक्षात ठेवून मोजता येतं. उभ्या राहिलेल्यांचे असे संच जेमतेम साडेदहा लाख होतात. 'शेजारी नको' असेल तर शेवटी कोण उभं आहे हेही धरावं लागतं.

राहिलं एक: हे सगळं रांगेपुरतं. गोल टेबलाभोवती नुसतं 'डावीकडे' याला अर्थ नाही. घड्याळाच्या दिशेनं आजी, आई, मुलगी असा फेरा हवा असेल तर ६! चे निम्मे, ३६०.